सुकेळ्यांवरचा निबंध

वटार,
रविवार, १९ जानेवारी २०२५

वहिनींना शांतारामचा नमस्कार.

मायन्यातच दोन कागद फुकट गेले. काय लिहावं ते कळेना. शेवटी जे पूर्वी तोंडात होतं तेच लिहिलं. आवडलं नाही तर रागवा, पण पत्र पुरतं वाचून मग रागवा.

इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. यंदा थंडी बरी पडली. बावखलाच्या तळ्यात अजून पाणी आहे, त्यामुळे वाडी हिरवी आहे. राजेळी केळींची झाडं मात्र थोडीच उरलीत. पानवेली तर आपण कधीच काढून टाकल्या. मी सातिवलीला एका खोक्यांच्या कारखान्यात स्टोअर बघतो. सकाळी वाडीला पाणी लावून जातो, संध्याकाळी येऊन देवापुढे दिवा लावतो. असं चाललं आहे.

एक नवीन म्हणजे मी शिकतो आहे. हसू नका. मुक्त विद्यापीठातून बी.ए.चं शेवटचं वर्ष. आमची ही म्हणते, पन्नाशीला आलेल्या माणसाने गुडघ्यांचं तेल आणावं, पुस्तकं कसली आणतो! पण दहावीनंतर सुटलेलं मनात राहिलं होतं. दर रविवारी केंद्रावर तास असतो. शिकवायला क्षितिजा मॅडम आहेत, वयाने तुमच्या कुशलपेक्षा थोड्याच मोठ्या. मी त्यांना मॅडम म्हणतो, त्या मला काका म्हणतात.

शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प करावा लागतो. आपल्या परिसरातला एक विषय घ्यायचा, माणसांना भेटायचं, विचारायचं आणि मोठा निबंध लिहायचा. मी सुकेळी घेतली. म्हटलं, घरातलाच विषय आहे, जन्मभर खाल्ली आहेत, आठवड्यात लिहून होईल.

पहिला खर्डा घेऊन गेलो. सुरुवात केली होती, "भारत हा कृषिप्रधान देश आहे." मॅडमनी पहिलं पान वाचलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, "काका, भारत राहू दे. तुमच्या वाडीच्या फाटकापासून सुरू करा."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. आमच्या शाळेत निबंध म्हणजे पाठ करायची गोष्ट होती. गुरुजी फळ्यावर लिहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो, परीक्षेत तेच लिहायचो. 'माझी आई' सगळ्या वर्गाची एकच होती. पहाटे उठायची, सडा घालायची, तिच्या हाताला चव होती. ज्या पोराची आई गेली होती, त्यानेही तेच लिहिलं होतं.

दुसऱ्या खर्ड्यात फाटकापासून सुरू केलं. मॅडम खूश झाल्या. मग कृतीवर आल्या. सोललेलं केळं उन्हात ठेवायचं, रोज उलटायचं, पिवळं-तांबूस झालं की सुकलेल्या पानात बांधायचं, असं मी लिहिलं होतं.

"तुम्ही स्वतः केलीत कधी?"

"आई करायची."

"मग आईंना विचारून लिहा. आणि त्यांनी सांगितलं ते आणखी एकाला विचारा. एकाच माणसाचं सांगणं म्हणजे माहिती, ती तपासायची असते."

घरी येऊन आधी स्वतःच करून बघितली. पहिल्या दोन दिवसांत काळी पडली, नंतर चामड्यासारखी झाली. आमच्या हिने ती गाईला घातली. गाईने हुंगून सोडून दिली.

म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी आईला ओट्यावर उन्हात बसवलं आणि मोबाईल रेकॉर्डिंगला लावून तिच्या पुढ्यात ठेवला. आधी ती त्याच्याकडे बघून पदर सारखा करत बसली. मग रंगली. ते बोलणं इथे जसंच्या तसं उतरवतो. प्रकल्पातही तसंच उतरवायचं असतं, सुधारायचं नसतं.

"आई, तुझी सुकेळी काळी पडत नव्हती. माझी का पडली?"

"माझी कुठं? माझी पन काळीच पडायची. तुझा बाप म्हनायचा, कोळसे केलेस."

"मग लोक नाव घ्यायचे ती?"

"ती हेमांगीची. लगीन होऊन आली आनि दुसऱ्याच साली तिनं माझ्या हातातनं काढून घेतली. मी आपली वर बसून नाव खायची. संध्याकाळी दव पडायच्या आधी ती समदी आत घ्यायची नि कशात तरी दाबून ठेवायची. त्यानं गोडी वर यायची."

"कशात?"

"ते तिलाच ठावं. मी कदी बगितलं नाय. सासूनं सुनेला विचारायचं काय?"

मी हसलो. आई नाही हसली. थोडा वेळ वाडीकडे बघत होती. मोबाईल चालू आहे हे ती विसरली असावी, किंवा नसेलही विसरली. म्हणाली,

"चांगली होती रे. पोराला मीच ठेवून घेतला. ती न्यायला आलेली. मी फाटकाला कडी घातली. हरिश्चंद्र गेला, आता हा पन गेला तर मी कोनाच्या तोंडाकडे बघू?"

वहिनी, हे तुम्हाला नवीन नाही. मला होतं.

दादा गेला तेव्हा मी मस्कतला होतो, तेराव्यापुरता येऊन गेलो. तुमचं दुसरं लग्न झालं तेव्हाही तिथेच होतो. आईने फोनवर सांगितलं, "ती गेली, पोराला टाकून गेली." परत आलो तेव्हा कुशल माझ्या पायाशी झोपत होता. मी तेच धरून चाललो. वाईट वाटून घेतलं, तुमच्यावर मनातल्या मनात रुसलो, आणि पोराला वाढवण्यात आपण काही पुण्य करतो आहोत असंही वाटून घेतलं. तुम्ही सफाळ्याला, विरारहून गाडीने फार तर अर्धा तास. मी एकदाही येऊन विचारलं नाही. जगात एका माणसाच्या तोंडून जे ऐकलं, त्यावर इतकी वर्षं काढली.

कुशल पाच वर्षांचा होता. त्याला जे आम्ही सांगितलं तेवढंच त्याच्याकडे होतं.

टायपिंग माझ्याने होत नाही, म्हणून रेकॉर्डिंग उतरवायचं काम मी त्याच्यावर टाकलं होतं. तो विरारला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करतो, हात चपळ आहे. आईचं बोलणं त्या दिवशी ऐकल्यावर मी ते त्याच्यापासून लपवावं, की त्याला समोर बसवून सांगावं, याचा विचार करत चार दिवस काढले. तेवढ्यात त्याने माझ्या मोबाईलमधून रेकॉर्डिंग घेऊनसुद्धा टाकलं.

कागद त्याने टेबलावर ठेवले. सगळं होतं. काळी सुकेळी होती, कोळसे होते, फाटकाची कडी होती. त्याखाली कंसात त्याने टाईप केलं होतं, 'इथे आजी बराच वेळ गप्प.' बोलण्यातल्या थांबण्याची नोंद करायची असते, हे त्याला मीच सांगितलं होतं.

मी वाचत असताना तो दारात उभा होता.

"काका, मॅडम म्हणतात ना, आणखी एकाला विचारायचं?"

"हो."

"मग विचार."

जेवताना त्याने आजीला भात वाढला, नेहमीसारखा.

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या आग्नेलकडे गेलो. दादाचा जिवाभावाचा माणूस, त्याला ठाऊक असणारच. तो केळीला माती लावत होता. मी सगळं सांगितलं. त्याने फावडं टेकवलं.

"खरं आहे. तीनदा आली होती. तिसऱ्यांदा तिच्याबरोबर तिचा नवरापण होता. बिचारा रस्त्यावर टोपी हातात घेऊन उभा."

"मला कधी बोलला नाहीस."

"तू कधी विचारलंस?" मग फावडं परत उचलत म्हणाला, "नंतरपण यायची. आमच्या आल्बिनाकडे. पोरगा शाळेतून सुटायच्या वेळेला आमच्या ओटीवर, जाळीच्या आत बसायची. तो गेला की चहा न घेता जायची. आल्बिनाने शपथ घातली होती मला, कोणाला सांगायचं नाही म्हणून."

वहिनी, त्या रस्त्याने पोराचा हात धरून मी कितीदा आलो असेन. आग्नेलच्या जाळीकडे मी कधी मान वळवून बघितलं नाही.

आता एक गोष्ट, जी निबंधात येणार नाही. कुशल चौथीत असताना त्याला शाळेतून 'माझी आई' निबंध लिहायला दिला. तो वही घेऊन माझ्याकडे आला आणि नुसता बसून राहिला. म्हणून मी त्याला माझा पाठ असलेला सांगितला. पहाटे उठते, सडा घालते, तिच्या हाताला चव आहे. त्याने खाली मान घालून लिहिलं. चांगले मार्क पडले, असं शाळेतून कळलं. ती वही त्याने आम्हाला दाखवली नाही, मॅडमच्या रेघेनंतर मला ती आठवली.

प्रकल्पाच्या शेवटी दोन पानं स्वतःची लिहायची आहेत. हे काम करताना तुम्ही काय शिकलात, असा मथळा आहे. एक पान झालं. निबंध फाटकापासून सुरू करावा, बोललेलं सुधारू नये, एकावर विसंबू नये, वगैरे. दुसरं पान कोरं आहे. मॅडमना म्हटलं, एक माहिती यायची आहे. त्या म्हणाल्या, फेब्रुवारी संपेपर्यंत थांबते.

म्हणून हे पत्र. संध्याकाळी सुकेळी कशात दाबून ठेवायची ते सांगा. आणि जमलं तर दुसरंही सांगा. फाटकाच्या बाहेरून ते सगळं कसं होतं ते. ते मला नाही सांगितलंत तरी चालेल. ज्याचं आहे त्याला सांगा.

आईला मी काल सांगितलं की हेमांगीला लिहितो आहे. ती वाती वळत होती. मला वाटलं, आता काहीतरी फेकून मारणार. म्हणाली, "लिही. तिला म्हनावं, माझे दात गेले. मऊ कर, आदी करायची तशी." मग माझ्याकडे न बघता, "आनि नवऱ्याला पन घेऊन ये म्हनावं. कडी काडून ठेवते." वहिनी, मी तिला इतकी वर्षं ओळखतो. याहून जास्त ती देवापुढेही बोलणार नाही. तिला माफ करा असं मी म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. तिचा निरोप तेवढा जसाच्या तसा उतरवला आहे.

तुमचा पत्ता केळव्याला तुमच्या भावाकडे जाऊन आणला. आज रिकाम्या पाकिटावर तो लिहिला, उद्या पोस्टात टाकणार होतो. कुशलने ते माझ्या हातातून घेतलं. म्हणाला, "पोस्ट कशाला? मी नेतो." त्याने लॅबमध्ये रजा टाकली आहे. मी विचारलं, किती दिवसांची? तर म्हणाला, "सुकेळी व्हायला किती दिवस लागतात?"

म्हणजे तुम्ही हे वाचत असाल तेव्हा तो तुमच्या ओटीवर बसला असेल. तुम्ही ओळखलं असेलच, तुम्ही त्याला माझ्यापेक्षा नीट बघितलं आहे. तो फार बोलत नाही, दादासारखाच आहे, प्रश्न उशिरा विचारतो. त्याच्या पिशवीत राजेळीच्या चार फण्या आहेत, पिकायला लागलेल्या, आपल्याच वाडीतल्या. उन्हात तुम्ही दोघांनी मिळून घाला. घाई करू नका. इकडे मी दुसरं पान कोरं ठेवलं आहे, ते कोरंच राहिलं तरी मला चालेल.

फाटकाला कडी नाही. आईने खरंच काढायला लावली, मी आत्ताच स्क्रू काढून आलो.

तुमचा दीर,
शांताराम