आईसाठी मॉनिटर

नांदुरा,
दि. २६ नोव्हेंबर २०२५

चि. गजूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे कपाशीचा दुसरा वेचा चालू आहे, त्यामुळे तुझे भाऊजी घरात फक्त जेवायला दिसतात. कॅनडात थंडी पडली असेल, कानटोपी घालत जा. फोन असताना ही बाई कागद काऊन खरडून राह्यली, असं तुला वाटेल. सांगते, पण आधी मॉनिटरचं.

तू म्हणालास तसं परवा बुलढाण्याला दुकानात जाऊन आले. आईपण आली. "माह्यासाठी घेऊन राह्यले, तं मी येते," म्हणून अडून बसली होती. दुकानदार भला माणूस, सगळं समजावून सांगितलं. म्हणाला, इंच पाहून भुलू नका, बसणारा किती लांब बसतो ते पाहा. टेबलापुरता चोवीस इंची बस झाला, पण आई पलंगावरून बघणार, तर सत्तावीस घ्या. नुसता मोठा घेऊन उपयोग नाही, पडद्यावरचे ठिपके, म्हणजे पिक्सेल, तेवढेच असले तर चेहरा फाटल्यासारखा दिसतो. आयपीएस पॅनल घेतला की बाजूनं बघितलं तरी रंग उडत नाहीत. आपल्या खोलीत दाराचा उजेड थेट समोर पडतो, म्हणून चकचकीत काच नको, मॅट घ्या. स्टँड वरखाली होणारा हवा. आणि बऱ्याच मॉनिटरना आवाजच नसतो म्हणे, स्पीकर वेगळा लावावा लागतो.

हे ऐकल्यावर आई म्हणाली, "ज्यात आवाज येते तोच दाखवा भाऊ, बाकी कसाही चालते." दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे बघितलं.

गजू, आईला दिसत नाही. दोन्ही डोळे गेले. काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, यात गेलेली नजर परत येत नाही असं डॉक्टर म्हणाले. एक डोळा तू गेल्यावर वर्षभरात गेला होता, दुसरा या पावसाळ्यात गेला.

भाऊबीजेला मी फोनला ओवाळलं, तेव्हा आई म्हणाली ना, मलाही लावू दे माझ्या लेकाला कुंकू? तिनं बोट नेमकं कॅमेऱ्यावर टेकवलं. तुला सगळं लाल दिसलं आणि तू हसत सुटलास, "आई, तुला स्क्रीन लहान पडते, थांब, मोठा मॉनिटरच घेऊन देतो." तीही हसली. मी फोन पुसत बसले. मला तुम्हा दोघांचाही राग आला होता. पण तुला तरी तिथून कसं कळणार म्हणा.

"फोनवर त्याले सांगशीन तं माह्यं मेलेलं तोंड पाहशीन," अशी आण घातलीय तिनं मला. तुझे तिथले कायमचे कागद अजून व्हायचे आहेत, कळलं तर सगळं सोडून येशील, ही तिची धास्ती. मी फोनवर बोलले नाही. पत्राचं तिच्या डोक्यात आलं नाही. पाप लागलं तर मला लागो.

तुझा फोन ठेवला की ती विचारते, "कसा दिसते आता?" मी सांगते, चांगला भरलाय अंगानं, केस काळेभोर आहेत. किती वाळलास रे तू. कानशिलं पांढरी झालीत. ते मला तिला सांगवत नाही.

दुकानातून निघायच्या आधी तिनं सगळ्यात मोठा मॉनिटर मागितला. या कडेपासून त्या कडेपर्यंत चाचपून पाहिला. "याच्यात मी त्याले पुरी दिसीन ना?"

"आजी, याच्यात ते तुम्हाले दिसतीन," दुकानदार म्हणाला. "तुम्ही त्याहिले दिसासाठी कॅमेरा लागते. तो फोनातला हायेच."

तिनं हात काढून घेतला. "मंग मले काय करायचा," म्हणाली आणि दार समजून भिंतीकडे चालायला लागली. मी धावत जाऊन धरलं.

परतताना राजूर घाटात बस रेंगाळली, तेव्हा मी विचारलं, दिसत नाही तर एवढा मोठा काऊन पाहिजे होता तुला?

"मले नाई दिसत तं नाई," ती म्हणाली. "पण त्याच्या फोनात मी एवढुशी दिसत असीन. मायचं तोंड त्यानं तरी नीट पाहावं."

मी खिडकीकडे तोंड करून रडले. तिला कळलं असणार, तिनं माझा हात धरून ठेवला.

मॉनिटरचे पैसे पाठवू नकोस, गजू. आता कितीही लवकर आलास तरी तू तिला दिसणार नाहीस, ते गेलं. पण तुझे डोळे धड आहेत. तिच्यासमोर येऊन बस आणि तिला पोटभर बघ. तुझ्या कागदांचं काय करायचं ते तुझं तू ठरव, त्यात मी पडत नाही.

पत्राच्या शेवटी आईचे आशीर्वाद लिहायची रीत आहे, पण ते लिहीत नाही. हे पत्र तिला माहीत नाही. तिचे आशीर्वाद तू येऊन घे.

तुझी,
छायाताई