पंच्याण्णव टक्के खात्रीने मी त्रासदायक नाही

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

ही लेकीकडे गेली त्याला आठवडा झाला. राग दोन दिवसांत उतरेल असा माझा अंदाज होता. अंदाज थोडा चुकला. थोडाच.

कारण अगदी क्षुल्लक. हिने गॅस बंद केला की मी जाऊन बघतो. हिने कुलूप लावलं की ओढून बघतो. हिने औषध घेतलं की गोळ्या मोजतो. याला काळजी म्हणतात. ही म्हणाली, याला छळ म्हणतात. आणि दारातून जाताना म्हणाली, विचारा कुणालाही, तुमच्याबरोबर कोण राहील?

विचारा म्हणाली ना? विचारतो.

ठराव: रागवायचं नाही. शास्त्रीय पद्धतीने जायचं.

दुपारी.

लेकीचा फोन. तिच्या नव्या घरात एक खोली जास्तीची आहे, ती आईला द्यायचं चाललंय. बावीस तारखेला टेंपो येईल, आईचं कपाट न्यायला. कपाट! रुसून गेलेलं माणूस पिशवी नेतं. कपाट नेणारं माणूस परत येत नसतं. म्हटलं, आईला फोन दे. लेक म्हणाली, बाबा, ती शेजारीच बसलीय आणि मान हलवतेय. म्हटलं, कशी हलवतेय, उभी की आडवी? लेक म्हणाली, बाबा, प्लीज.

४ फेब्रुवारी.

सर्व्हे केला. दहा जणांना विचारलं, मी त्रासदायक आहे का? न्हावी, दूधवाला, इस्त्रीवाला, औषधाच्या दुकानातले दोघे वगैरे. दहापैकी दहा म्हणाले, छे हो, काहीतरीच काय! न्हाव्याला विचारलं तेव्हा वस्तरा माझ्या गळ्यावर होता. म्हणजे दबाव असलाच तर माझ्यावर होता, त्याच्यावर नव्हे.

निकाल लेकीला कळवला. मागून हिचं हसणं ऐकू आलं. लक्षण चांगलं आहे.

६ फेब्रुवारी.

वरच्या मजल्यावर एक पोरगी राहते, संख्याशास्त्र शिकते. मी सातवी पास, पण तीस वर्षं ट्रकच्या वजनकाट्यावर काढली, आकडे मला नवे नाहीत. तिला दहापैकी दहा दाखवले. ती म्हणाली, आजोबा, ही सगळी माणसं तुमच्याकडून पैसे घेतात, गिऱ्हाइकाला कोण नावं ठेवील? शितावरून भाताची परीक्षा करायची तर आधी भात ढवळावा लागतो. वरवरची शितं उचलली तर तळाचं करपलेलं कळत नाही.

तळाला कोण करपलंय ते तिने सांगितलं नाही.

पद्धत अशी. आमच्या वसाहतीत दहा इमारती, आठशेच्या वर घरं. सगळ्या घरांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहायचे, डब्यात हलवायचे, न बघता तीस उचलायच्या. तीस घरांवरून आठशेंचा अंदाज. मला पटलं. अख्खा ट्रक कुणी चाखत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार.

चिठ्ठ्या उचलल्या. पहिलीच निघाली कुत्रेवाल्याची. त्याच्याशी वर्षभर माझं बोलणं नाही. चिठ्ठी परत टाकली. पोरगी म्हणाली, आजोबा, परत टाकायची नाही. म्हटलं, हातातून निसटली. म्हणाली, पुन्हा निसटली तर मी जाते. एवढीशी पोर, पण बोलते हिच्यासारखी.

११ फेब्रुवारी.

तीस घरं झाली. रिटायर्ड बँकवाले आधी 'नाही' म्हणाले. मी विचारलं, नक्की? ते म्हणाले, नक्की. म्हटलं, घाई करू नका, नीट विचार करून सांगा, मी बसतो. पाऊण तासाने म्हणाले, हो हो, आहात तुम्ही त्रासदायक. लिहून घेणं भाग पडलं.

कुत्रेवाल्याने दारातूनच बायकोला हाक मारली, अगं ये, नमुना घ्यायला नमुना आलाय. मी शांत राहिलो. फक्त त्याच्या पायपुसण्याबद्दल चार शब्द सुनावले.

तीसपैकी अकरा 'हो'. एकोणीस माझ्या बाजूने!

१२ फेब्रुवारी.

पोरीने हिशेब केला. सदतीस टक्के लोकांना मी त्रासदायक वाटतो. पण हा आकडा तीस घरांचा, आठशेंचा सांगायचा तर चुकीला जागा ठेवावी लागते. सतरा खाली, सतरा वर. म्हणजे खरा आकडा वीस ते चौपन्नच्या पट्ट्यात, पंच्याण्णव टक्के खात्रीने. याला कॉन्फिडन्स इंटर्व्हल म्हणतात.

पंच्याण्णव टक्के! शाळेत मला पस्तीसच्या पुढे कधी पडले नाहीत.

ती म्हणाली, पंच्याण्णव तुमचे नाहीत, पद्धतीचे आहेत. अशी तीस-तीस घरं शंभर वेळा विचारली, तर साधारण पंच्याण्णव वेळा पट्ट्यात खरा आकडा सापडेल. या वेळी सापडला का, ते सांगता येत नाही. म्हटलं, शंभर वेळा विचारायला मला सवड आहे, पण लोकांना धीर नाही.

लेकीला कळवलं: कमीत कमी वीस टक्के. लेकीने विचारलं, आणि वरचा आकडा? म्हटलं, आवाज कट होतोय.

संध्याकाळी तिचाच फोन, वरचा आकडा सांगावाच लागला. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. आई म्हणते, वीस ते चौपन्न हा काय आकडा झाला? भाजीवाल्याने असा भाव सांगितला तर तुम्ही त्याला सोडाल का?

बरोबर आहे. पट्टा अरुंद पाहिजे.

१३ फेब्रुवारी.

पोरगी म्हणते, चूक निम्मी करायची तर घरं चौपट. एकशेवीस. आणि तीही नव्याने चिठ्ठ्या काढून. शिवाय म्हणाली, आजोबा, राहू द्या ना आता. का राहू द्या? नऊ दिवस आहेत अजून.

१७ फेब्रुवारी.

साठ घरं झाली. पाय सुजलेत. चार दिवस जेवण म्हणजे चहा आणि पाव. शर्टाचं बटण तुटलं, सुई सापडली, दोरा सापडला नाही. घरात एवढी शांतता आहे की नळ ठिबकला तर बरं वाटतं. गॅस मीच बंद करतो आणि मीच जाऊन बघतो. आधीच्या माणसावर माझा विश्वास नाही.

जिन्यात मुलं ओरडतात, पळा रे, हो-नाहीवाले आजोबा आले. बऱ्याच घरांत आत टीव्ही चालू असतो, पण दार उघडत नाहीत. ती घरं मी 'नाही'त धरली. त्रास होत असता तर दार उघडून सांगितला असता. पोरगी म्हणाली, असं धरता येत नाही, पुन्हा जाऊन विचारा. गेलो. तिसऱ्यांदा बेल वाजवल्यावर उघडतात. सगळे 'हो' म्हणतात.

पद्धतीत काहीतरी चूक आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

एकशेवीस पूर्ण. अठ्ठ्याहत्तर 'हो'. पासष्ट टक्के.

पट्टा छप्पन्न ते चौऱ्याहत्तर. अरुंद झाला, पोरीने सांगितलं होतं तसाच, निम्मा. शास्त्र खोटं बोलत नाही. पण मागच्या वेळी मला वीसवर बसायला जागा होती. आता खालचं टोकसुद्धा निम्म्याच्या वर.

तिला विचारलं, शंभरातले ते पाच फसलेले पट्टे असतात, त्यांतला हा असेल का? म्हणाली, असू शकतो. असू शकतो! त्या पाचांवर मी आज दिवस काढला. मग विचारलं, दहा दिवसांत लोक एवढे कसे बिघडले? तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. म्हणाली, आजोबा, पहिल्या वेळी बरेच जण तुम्हाला ओळखत नव्हते.

ठराव: उद्या हिला वीसच सांगायचं.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

टेंपो आला. जावई, दोन हमाल, आणि मागून ही. वाळली आहे. की नाही वाळली? खात्री नाही. वीस सांगायचं घोकत होतो, तोंडातून पासष्ट निघालं.

ही दारातच थांबली. म्हणाली, म्हणजे पस्तीस टक्के लोक 'नाही' म्हणाले? कोण हो ते? मी म्हटलं, बेचाळीस घरं आहेत, नंबर आहेत माझ्याकडे. जावई खिडकीकडे तोंड करून हसला. ही हसली नाही. म्हणाली, एकशेपन्नास दारं झिजवलीत. त्यातलं एक तरी माणूस तुमच्याबरोबर राहतं का? जी राहत होती तिला विचारायचं सुचलं नाही?

खरं सांगायचं तर नाही सुचलं. आमच्या घराच्या नंबरची चिठ्ठी मी डब्यात टाकलीच नव्हती. घरच्याच माणसाला काय विचारायचं?

हमालांनी कपाट उचललं. मी म्हटलं, डावा पाय कच्चा आहे, जपून. ही म्हणाली, बघा. मी हात मागे बांधले. जिन्यापर्यंत जाऊन ती परत वळली. म्हणाली, पुढच्या रविवारी तासभर येईन. बघू जमतं का. एक तास. जमला तर पुढचं पुढे.

एक तास! हाही नमुनाच. पण या वेळी बरोबर घरातून घेतलेला.

१ मार्च, शनिवार.

घर झाडलं. कप दोन वेळा धुतले. दूध जास्त घेतलं. ठराव: उद्या गॅसकडे जायचं नाही. कुलपाला हात लावायचा नाही. तिच्या पिशवीतल्या गोळ्या मोजायच्या नाहीत. तास आरामात निघेल. मग दोन तास, मग दिवस. कपाट आणायला टेंपो मी सांगेन.

२ मार्च, रविवार. संध्याकाळ.

ही आली. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. मी गॅसकडे गेलो नाही. कुलपाला, गोळ्यांना, कशाला म्हणून हात लावला नाही. हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

फक्त विचारलं, त्रास होतोय का? म्हणाली, आत्ताच आलेय. पण चेहरा 'हो'चा होता, तसंच लिहिलं. चहाचा पहिला घोट घेतला तेव्हा विचारलं. म्हणाली, हो. कप अर्धा झाल्यावर आणखी एकदा, कारण एका उत्तरावर विसंबायचं नसतं. म्हणाली, हो, होतोय. मग तिने पिशवी उचलली. दारापर्यंत मागे गेलो आणि शेवटचं विचारलं. तिने चपला घालता घालता सांगितलं, हो.

वीस मिनिटं बसली.

पोरगी घरी नाही. हिशेब मीच मांडला, सूत्र आता पाठ आहे. चारपैकी चार, म्हणजे शंभर टक्के, सूत्रात पूर्ण एक. एकातून एक गेला, शून्य. शून्याला कशानेही गुणा, कशानेही भागा, वर्गमूळ काढा, शून्यच. चुकीला जागा शून्य. खालीही नाही, वरही नाही.

तीनदा तपासलं.