दोन डोळ्यांवर

प्रिय धाकट्या,

सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे पाकिटावर माझं अक्षर बघून तू फोडायच्या आधीच खूश झाला असशील. लगेच हुरळून जाऊ नकोस. मालकीणबाई रविवारी तुला भेटायला येणार आहेत. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं, म्हणून घाई.

इकडे छाटणी संपत आली. थंडी यंदा चांगली पडली, द्राक्षवेली झोपल्यात. सकाळी चाळीस माणसं ओळीने कामाला लागतात, मी मागून फिरतो. कुणी काडी लांब सोडली की नुसता खाकरतो; तेवढं पुरतं. पुढे कोंबांची विरळणी, उन्हाळाभर भुरी रोगाच्या मागे फवारण्या, मग तोडणी. आणि पिंपातली नवी वाईन चाखून बाई मान डोलावतात, ती माझ्याकडे बघून. वीस वर्षं हे सगळं माझ्या हाताखाली चाललंय आणि त्यात वाटेकरी मला कधीच नको होता.

तुला शिकवलं मीच. काडीवर कोंब फुटायची जागा म्हणजे डोळा, काप घ्यायचा तो डोळे मोजून, इथपासून. पण चार वर्षांत तू माझ्या डोक्यावर मिरे वाटायला लागलास. तुझा स्वभाव गरीब, तू मुद्दाम काही केलं नाहीस, हे मलाही कळत होतं. त्याचाच जास्त राग यायचा. टेकडीवरची नवी बाग बाईंनी तुझ्या ताब्यात दिली. आई तुझ्या ताटात आधी वाढायला लागली. माझ्या पोटात दुखलं रे, सरळ सांगतो.

टेकडीवरची जात निराळी. तिचे बुडाचे डोळे आंधळे. पानं देतात, घड देत नाहीत. म्हणून तिथे काडी लांब ठेवायची, आठ डोळ्यांची. रोपवाटिकावाल्याने हे मला बजावून सांगितलं होतं, तुला नाही. पहिल्या छाटणीच्या सकाळी तू विचारायला आलास, तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होतो. मान वर न करता म्हणालो, खालच्या बागेसारखीच, दोन डोळ्यांवर. तू मान हलवून निघून गेलास. दादाचा शब्द, त्यात काय विचारायचं! चार दिवस मी टेकडीकडे फिरकलो नाही. जेवताना मात्र रोज विचारायचो, काम ठीक चाललंय ना.

वसंतात टेकडी हिरवीगार झाली आणि घड एकही नाही. बाईंनी आपल्या दोघांना ऑफिसात उभं केलं. मी आठ सांगितले होते, मी म्हणालो. तू माझ्याकडे बघितलंस. आता संपलं, असं मला वाटलं. आणि तू काय म्हणालास? माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल. खोटं नाही सांगत, मला तुझी दया आली नाही, हसू आलं. पोरं तुला ‘आंधळ्या’ म्हणायला लागली, ते नाव मीच पहिल्यांदा घेतलं होतं. तू गाशा गुंडाळलास. थोरल्याचं नाव घालवलंस म्हणून आई तुझ्याशी मरेपर्यंत बोलली नाही. तिला एका वाक्यात सांगता आलं असतं मला. नाही सांगितलं.

गेल्या महिन्यात रोपवाटिकावाला आला होता. चहा पिता पिता बाईंपाशी बोलून गेला, की टेकडीच्या डोळ्यांचं त्याने फक्त थोरल्याच्या कानावर घातलं होतं. आठ दिवस बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. काल म्हणाल्या, तुला भेटून एकच गोष्ट विचारणार: त्या सकाळी दादाने किती सांगितले? तू ‘दोन’ म्हणालास की माझं काम गेलं, कामासोबतचं हे घर गेलं आणि दोन्ही तुला मिळाली.

म्हणून आधीच कळवतोय. बाईंच्या तोंडून अचानक ऐकलंस तर भाबडेपणाने खरं बोलून जाशील. आता विचार करायला चार दिवस आहेत, आणि विचार करायला लागलास की तू नेहमी माझ्याच बाजूला येतोस. ऐकण्यात चूक झाली, एवढंच सांग. हे पत्र हवं तर दाखव त्यांना. पण नाही दाखवणार तू. माझ्यावर माया आहे म्हणून नव्हे. दाखवलंस तर सहा वर्षं तू उगाच मान खाली घालून जगलास, आई उगाचच तोंड फिरवून गेली, हे तुला तुझ्या तोंडाने म्हणावं लागेल, आणि तेवढा दम तुझ्यात कधीच नव्हता. माफी मी मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, आणि ते मला बघवणार नाही.

तुझाच,
दादा