मुकादमबाईंचा शेरा

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. पत्र वाचून सल्ला दिला नाहीस तर आणखी देईन.

मला डीनच्या खुर्चीवरून उठवताहेत हे खरं का, असं तू फोनवर विचारलंस. फोनवर मी नुसती ओरडते, म्हणून लिहिते.

आमच्या ऑनर्स विभागात विद्यापीठातली सगळ्यात हुशार मुलं येतात. अठरा वर्षांपूर्वी मी नियम केला की प्रत्येकाने एक सत्र पुस्तकं मिटून कुठेतरी काम करायचं. त्याचे गुण प्राध्यापकांनी द्यायचे नाहीत, ज्याच्या हाताखाली काम केलं त्याने द्यायचे. मग तो बस दुरुस्त करणारा मिस्त्री असो, नाहीतर इस्पितळाच्या लाँड्रीतल्या मुकादमबाई.

या बाईंनी यंदा एका मुलीला नापास केलं. मुलगी कायम पहिली येणारी, वडील नियामक मंडळावर. दिवसाचा आकडा भरावा म्हणून तिने दमट चादरी घडी करून वॉर्डात पाठवल्या आणि विचारल्यावर यंत्राकडे बोट दाखवलं. बाईंचा शेरा एका ओळीचा आहे: चूक चालते, लपवाछपवी चालत नाही. एकतीस वर्षं शिकवते आहे, पण इतका नेमका शेरा मला लिहिता आलेला नाही.

कुलगुरूंनी बोलावून गोड शब्दांत सांगितलं की धुणं धुणाऱ्या बाईच्या लहरीपायी मुलीचं वर्ष जाऊ नये, चार गुण मी वाढवावेत. मी नाही म्हटलं. मग गोडवा संपला. अठ्ठावीस तारखेला मंडळाची बैठक आहे, त्यात तुमचा नियम जाईल आणि कदाचित तुम्हीही, असं म्हणाले. मी बरं म्हणून उठले.

काळजी करू नकोस. केलीस तरी मला कळवू नकोस.
तुझी
ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. लांबूनच घालतो, जवळ आलो तर बोलणी खाईन.

सल्ला देत नाही, नुसतं बोलतो. सहा महिन्यांनी तू निवृत्त होणार. चार गुणांसाठी अठरा वर्षांचं काम पणाला लावायचं का? तुझ्या जागी उद्या कुलगुरूंचा कोणी होयबा बसला, तर नियम पहिल्याच दिवशी केराच्या टोपलीत. हिचं म्हणणं मात्र तुझ्याच बाजूचं आहे, आणि त्यावरून आमच्या घरात दोन दिवस भाजीत मीठ नाही.

आणखी एक. चादरींबद्दल तू बोलावंस याची मला गंमत वाटते. लहानपणी घडी घालताना एक टोक तू धरायचीस, पण दुसऱ्या हातात पुस्तक. घडी कायम तिरकी, आणि आईची बोलणी मला. मंडळातल्या कोणी विचारलं की बाई, तुम्ही त्या लाँड्रीत आठ दिवस टिकाल का, तर काय सांगशील?

राग आला तरी लोभ कमी करू नये, ही विनंती.
तुझा
धाकटा

ता. २९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, आणि कधी नव्हे ते आभार.

तुझा टोमणा मला झोंबला. दोन आठवडे रजा टाकली आणि मुकादमबाईंना सांगितलं की मला मुलांसारखंच कामाला लावा आणि मुलांसारखेच गुण द्या. त्यांनी माझं घड्याळ काढायला लावलं आणि वाळवणीच्या यंत्रांपाशी उभं केलं. वाफेने चष्मा धुरकटतो, खांदे भरून येतात, आणि चादर हाताला कोरडी लागली तरी शिवणीत दमट असते. ती गालाला लावून बघायची, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. माझ्याबरोबर कोणी टिकेना. पाचव्या दिवशी समोरचं टोक कोणीतरी उचललं. बघते तर तीच मुलगी. मी इथे आहे हे वर्गात पसरलं होतं. तासभर ती माझ्याबरोबर घड्या घालत राहिली. मग मुकादमबाईंकडे जाऊन म्हणाली की यंत्र बरोबर होतं, चादरी तिनेच दमट पाठवल्या होत्या. बाईंनी मान हलवली आणि गुण आहेत तेच राहतील म्हणाल्या. पास व्हायचं तर सत्र पुन्हा करायचं. मुलीने त्याच दिवशी तसा अर्ज केला, वडिलांना न विचारता.

काल बैठकीत मी माझी गुणपत्रिका टेबलावर ठेवली. मी नापास आहे. शेरा: तोंड भराभर चालतं, हात चालत नाहीत. दोनचार सभासद खाली बघून हसले. मी सांगितलं की हा शेरा मी बदलून घेणार नाही आणि मुलीचाही बदलणार नाही. तिच्या वडिलांपुढे तिचा अर्ज होता. त्यांनी तो दोनदा वाचला आणि नियम रद्द करायच्या मतदानाला हात वर केला नाही. एका मताने नियम राहिला.

माझी खुर्ची गेली. एक तारखेपासून तुझा होयबा येतोय. येऊ दे, नियमाप्रमाणे त्यालाही मुकादमबाईंची सही घ्यायला लाँड्रीच्या पायऱ्या उतराव्या लागतील.

मला निवृत्तीपर्यंत शिकवायला दोनच तास दिलेत, तेही दुपारचे. म्हणजे सकाळ मोकळी. सोमवारपासून मी आणि ती मुलगी पहिल्या पाळीला जातोय. नापास होऊन मी निवृत्त होणार नाही.

तुझ्या बायकोला सांग, भाजीत मीठ घाल.
तुझी
ताई