कारकुनाचे खांदे

अहो,
साष्टांग नाही, नुसता नमस्कार, गुडघे दुखतात. तुम्ही गोळ्या घेता ना?

नातू सुट्टीवर इथे आलाय, मजेत आहे. म्हणे, "आजी, मी लष्करात कारकून." पण त्याच्या पाठीला तेल लावताना खांद्यांवर पट्ट्यांचे वळ दिसले. म्हटलं, "मेल्या, फायली पाठीवर वाहतोस?" तेव्हा कबूल झाला. कमांडोंच्या निवडीत नव्वदांतले अकरा उरले, त्यात आपला हा. आनंदाच्या भरात माझी भाजी करपली.

पण बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं, त्या फॉर्मवर म्हणे तुमचं नाव आहे. म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं? सुनेलाही सांगितलंत? म्हणजे फक्त माझ्यापासूनच चोरी?

तिथे आता माझं नाव घालायला लावलंय. तुमच्याच्यानं तसलं पत्र वाचवणार नाही.

रागावलेली, तरी तुमचीच