पाच बकऱ्यांचं इंग्रजी

२ नोव्हेंबर, रविवार
निश्चय. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला बसायचं आणि पहिल्याच झटक्यात सात बँड काढायचे. आयर्लंडच्या नोकरीला सहाच लागतात, पण एखादा वर असलेला बरा. माझं ग्रामर मुळातच पक्कं आहे, फक्त भारी शब्द कमी पडतात. रोज पन्नास पाठ करणार. उद्यापासून, कारण आज रविवार.

३ नोव्हेंबर, सकाळ
पन्नास जरा जास्त होतात. दहा.

३ नोव्हेंबर, संध्याकाळ
दहा वाचले, दहाही विसरलो. पुस्तक जुनाट आहे.

५ नोव्हेंबर
युक्ती सापडली! शब्द कागदावर टिकत नाही, जिवंत गोष्टीला चिकटवावा लागतो. मायच्या पाच बकऱ्या आहेत. स्वभाव बघून बारसं उरकलं. कितीही ओढली तरी न हलणारी ऑब्स्टिनेट. मायच्या पदरासकट सगळं खाणारी व्होरेशियस. दर वेताला जुळी देणारी प्रोलिफिक. बघावं त्या वावरात दिसणारी युबिक्विटस. आणि भिंतीकडे तोंड करून बसणारी मेलंकली. माय म्हणाली, काहून रे पोरा, चांगल्या बकऱ्यांना दवाईची नावं देऊन राहिला? तिला मेथड कळायची नाही.

१२ नोव्हेंबर
शेजारची गोजरबाई सकाळीच भांडायला आली. म्हणाली, तुमची युबिक्विटस माझ्या हरभऱ्यात शिरून राहिली, बांधून ठेवा तिला. उच्चार बराबर होता. मायही आता नावानंच हाका मारते. गावाचं इंग्रजी माझ्यामुळे सुधारतंय. पाच शब्द पक्के झाले. बाकीचे बकऱ्या व्यायल्या की वाढतील.

२० नोव्हेंबर
परीक्षेची फी भरायची आहे. मायला म्हटलं, प्रोलिफिक आणि मेलंकली विकू. बाळापूरच्या बाजारात तिनंच दावी गिऱ्हाइकाच्या हातात दिली आणि चहासुद्धा न पिता घरी आली. उन्हाची तकलीफ झाली असेल.

२७ नोव्हेंबर
पुण्याचं भाडं, लॉज आणि कोट. कोटाशिवाय इंग्रजीला वजन येत नाही. उरलेल्या तिन्ही गेल्या. ऑब्स्टिनेटला चौघांनी उचलून टेम्पोत घातलं. पहिल्या पगारात मायला दहा बकऱ्या घेऊन देणार. दहा कशाला, वीस. कोट छान बसतो.

१३ डिसेंबर, पुणे
बोलायची परीक्षा झाली. मॅडम म्हणाल्या, तुला आवडणाऱ्या माणसाचं वर्णन कर. मी मायचं केलं. शब्द धडाधड आले. माझी आई व्होरेशियस आहे, ऑब्स्टिनेट आहे, प्रोलिफिक आहे. मेलंकली आणि युबिक्विटसही बसवले. ओघात, ती दर वेताला जुळी देते, हेही निघून गेलं. मॅडमनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो बराच वेळ काढेनात. छाप पडली! मायला लगेच फोन करून सांगितलं, तुझ्यावरच बोललो. सात नक्की. साडेसातही देतील.

२४ डिसेंबर
साडेचार. तपासणाऱ्याची काहीतरी गफलत आहे.
मायला एवढंच सांगितलं की जमलं नाही. ती म्हणाली, जाऊ दे, पण त्या बाईपुढं माझ्यावर काय बोलला ते या गोजरबाईला ऐकू दे. मी म्हटलं, नंतर. म्हटलं, घसा बसलाय. ती हटेना. शेवटी मान खाली घालून पाचही शब्द म्हणून टाकले. गोजरबाई तोंड दाबून हसायला लागली. आता माय चप्पल काढणार, अशा तयारीत मी उभा होतो.
मायनं पदर डोळ्याला लावला. म्हणाली, म्हंजे तिथंबी तुला माझ्या बकऱ्याच आठवल्या काय रे पोरा? मला वाटलं, इकल्या तशा इसरला.
मी हो म्हणालो. लाज वाटली, फार वाटली.
मग ती उठली आणि झाडू घेऊन गोठ्याकडे गेली. रिकामा गोठा ती रोज झाडते, हे मी आज पाहिलं.