कड्याचा आवाज

प्रिय चिमे,

उद्या तुला चौकशी समितीसमोर उभं करणार. तुझा नवरा घळईत गेला तो तुझ्या नकाशातल्या चुकीमुळे, असं त्यांनी जवळजवळ ठरवूनच टाकलंय. नोकरी तर जाईलच, पण आता तूही ते खरं मानायला लागलीस, असं तुझी वहिनी म्हणाली. ते ऐकून हे लिहायला बसलो.

ही घळई मला तूच शिकवलीस. नदी नुसत्या पाण्याने खडक कापते असं मी समजत होतो, तर तू मला वेड्यात काढलंस. पुरात ती डोक्याएवढे गोटे गरागरा फिरवते, तळाला रांजणखळगे पाडते, काठाचा मऊ थर खालून खाऊन टाकते आणि वरचा काळा कातळ अधांतरी राहतो. दगडच दगडाला मारतो, म्हणायचीस. म्हणून त्या कड्यावर तू नकाशात लिहिलंस, ठोकून पाहिल्याशिवाय पाय ठेवू नये. पुलाच्या कामावर आमची रीतच ती. मी हातोडा मारायचा. कातळ खणखणला तर ड्रिलवाल्याने, म्हणजे तुझ्या नवऱ्याने, पुढे जायचं, बद्द वाजला तर मागे फिरायचं.

त्या सकाळी तू फुटलेला ओठ घेऊन कामावर आलीस. दारावर आपटले म्हणालीस. मी काय दूधखुळा आहे? यंत्राच्या शेडमागे त्याची कॉलर धरली आणि दोन दात पाडले. तो रक्त थुंकून हसला, म्हणाला, बहीण तुमची असेल, बायको माझी आहे. माझं डोकंच फिरलं.

तासाभराने मी कड्यावर हातोडा मारला. कातळ बद्द वाजला, चिमे. खाली पाणी खवळलं होतं, त्याला ऐकू गेलं नाही. त्याने विचारलं, दादा, जाऊ का? मी म्हणालो, जा. कडा तुटला, यंत्र आणि माणूस एकदम खाली गेले. गोट्यांनी त्याचं काय केलं ते तू ओळख पटवताना पाहिलंसच. आणि समितीला मी सांगितलं, आवाज खणखणीत होता. ठोकून पाहूनही कडा तुटला, म्हणजे नकाशातली तुझी सूचनाच चुकीची, असं त्यांनी धरलं.

हे वाचून तू मला शिव्या देशील, मग रडशील आणि भाऊ वाचावा म्हणून कागद चुलीत घालशील. तुला मी ओळखतो. म्हणून याचीच एक प्रत आज समितीच्या कचेरीत देऊन आलो. त्यांच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. उद्या माझी बाजू घेऊ नकोस. एवढा मार खाऊनही त्याने मलाच विचारलं होतं.

तुझाच,
दादा